गाडीचे दिवे चालू राहिले तर ओरडणारा बझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा बझर मी पहिल्यांदा बाबांच्या गाडीसाठी बनवला. नंतर सोसायटीतल्या आणि नात्यातल्या जुन्या गाड्यांनाही बसवून दिला. प्रत्येक वेळी तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. इथे लिहिलेलं सगळं १२ व्होल्टच्या, बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या जुन्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना लागू आहे. नव्या गाड्यांबद्दल खाली वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय वायरीला हात लावू नका.

एवढ्याशा कामासाठी सर्किट कशाला? दिवे बंद करायची सवय लावली की झालं.

सवय असलेल्या माणसाकडूनच हे होतं, असा माझा अनुभव आहे. रात्री दिवे सहसा राहत नाहीत, कारण गाडी लावली की समोरच्या भिंतीवर उजेड दिसतो. राहतात ते दिवसा. बाबा साताऱ्याहून पुण्याला येत होते. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना त्यांनी दिवे लावले. बाहेर पडल्यावर पाऊस होता, म्हणून चालूच ठेवले. पुण्यात पोहोचेपर्यंत लख्ख ऊन पडलेलं. उन्हात लागलेला दिवा बाहेरून पाहिलं तरी कळत नाही. गाडी लावली, किल्ली काढली, दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि किल्ली फिरवली तर नुसती कटकट. चाळीस वर्षं गाडी चालवणारा माणूस त्या दिवशी स्वतःवर इतका चिडला, की मला ते बघवलं नाही. त्याच रविवारी मी हे सर्किट जोडायला बसलो.

एका रात्रीत बॅटरी खरंच उतरते का?

हिशेब करून बघा. लहान गाडीला बहुधा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. पुढचे दोन हेडलाईट डिपरवर प्रत्येकी ५५ वॅट, म्हणजे ११० वॅट. चार कोपऱ्यांचे पार्किंग दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा प्रत्येकी ५ वॅट, म्हणजे आणखी २५. एकूण १३५ वॅट, भागिले १२ व्होल्ट, सव्वाअकरा अँपिअरच्या आसपास. कागदावर ही बॅटरी तीन तास पुरते. प्रत्यक्षात एवढ्या जोराने करंट ओढला की तिची क्षमता घटते, त्यामुळे दोन-एक तासांतच स्टार्टर रडायला लागतो.

नुसते पार्किंग दिवे राहिले तर दोन अँपिअर जातात. दहा तासांची रात्र म्हणजे २० अँपिअर-अवर, अर्ध्याहून जास्त बॅटरी. नवी असेल तर कदाचित उचलेल, तीन वर्षं जुनी असेल तर आशा सोडा. शिवाय शिशाची बॅटरी अशी पार तळाला गेली की प्लेटवर सल्फेट धरतं, आणि पुन्हा चार्ज केली तरी ती पूर्वीइतकी भरत नाही. धक्का मारून गाडी सुरू होते, पण बॅटरीचं आयुष्य कमी झालेलं असतं.

बझर नेमका कधी वाजायला हवा?

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. बझर वाजवणं अवघड नाही, त्याला वेळेवर गप्प बसवणं अवघड आहे. जो बझर विनाकारण वाजतो तो पंधरा दिवसांत कुणीतरी उपटून टाकतं, आणि मग खरी गरज पडते तेव्हा तो जागेवर नसतो.

म्हणून माझ्या बझरला तीन अटी आहेत. दिवे चालू असले पाहिजेत, किल्ली बंद असली पाहिजे आणि दार उघडं असलं पाहिजे. तिन्ही एकदम जुळतात तो क्षण एकच: माणूस दिवे विसरून उतरतोय. घाटात गाडी बंद पडली आणि मुद्दाम पार्किंग दिवे लावून आत बसायचंय, तर दार बंद केलं की आवाज बंद. कुणाला घ्यायला थांबलात, इंजिन चालू आहे, मागचं दार उघडलं, तरी आवाज नाही.

सगळ्यांत सोपी जोडणी कोणती?

एक बझर आणि एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. बझरची प्लस बाजू डायोडमधून पार्किंग दिव्याच्या वायरला आणि मायनस बाजू इग्निशनच्या वायरला, म्हणजे किल्ली चालू केल्यावरच जिच्यात १२ व्होल्ट येतात तिला.

किल्ली चालू, दिवे चालू: बझरच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, मग करंट वाहणार कुठून? आवाज नाही. किल्ली बंद, दिवे चालू: प्लसला १२ व्होल्ट आहेतच, आणि इग्निशनची वायर आता कॉइल, मीटर अशा तिच्यावरच्या भारांमधून बॉडीला पोहोचते, म्हणजे जवळपास शून्यावर येते. बझर वाजतो. किल्ली चालू, दिवे बंद: करंट उलटा जाऊ पाहतो, डायोड त्याला अडवतो.

मला ही जोडणी फार आवडते. पहिल्यांदा समजली तेव्हा कागदावर तिन्ही स्थिती पुन्हा पुन्हा काढून पाहिल्या होत्या. पण तिचा सगळा भरवसा इग्निशनच्या वायरवर काय काय जोडलंय त्यावर आहे. रेडिओची वायर पकडली तर बझर कुजबुजतो किंवा वाजतच नाही. दाराची अटही इथे नाही. शिकायला म्हणून करा, गाडीत कायमची बसवायला मी पुढची जोडणी सुचवतो.

तुम्ही स्वतः कोणतं सर्किट बसवता?

एका पीएनपी ट्रान्झिस्टरचं. ट्रान्झिस्टर म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग, त्याचे तीन पाय म्हणजे एमिटर, बेस आणि कलेक्टर. लागणाऱ्या वस्तू: बीसी ५५७ ट्रान्झिस्टर, १एन४००७ डायोड दोन, १० किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, नारिंगी), ४.७ किलोओहमचा रेझिस्टर (पिवळा, जांभळा, लाल), १२ व्होल्टचा बझर, वायरमध्ये बसणारा फ्यूज होल्डर आणि १ अँपिअरचा फ्यूज. पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं.

जोडायचं असं. पार्किंग दिव्याच्या वायरपासून फ्यूज, फ्यूजपासून पहिला डायोड, आणि डायोडची पट्ट्याची बाजू ट्रान्झिस्टरच्या एमिटरला. बेसपासून १० किलोओहम इग्निशनच्या वायरला. त्याच इग्निशनच्या वायरपासून ४.७ किलोओहम बॉडीला. कलेक्टर बझरच्या प्लसला. बझरच्या मायनसपासून दुसरा डायोड, आणि त्याची पट्ट्याची बाजू दाराच्या बटणाच्या वायरला, म्हणजे दार उघडल्यावर छतातला दिवा लावणारं जे बटण असतं त्याच्या.

बीसी ५५७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरलेत, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. हे डोळ्यांसमोर धरूनच डाग द्या, म्हणजे सोल्डर करा. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर काढताना पट्टीवरचं तांबं उखडतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

किल्ली चालू असते तेव्हा बेसवर १२ व्होल्ट असतात आणि पीएनपी ट्रान्झिस्टर बंद राहतो. किल्ली काढली की ४.७ किलोओहमचा रेझिस्टर बेसला खाली ओढतो आणि ट्रान्झिस्टर उघडतो. इग्निशनच्या वायरवर दुसरा भार असो-नसो, काम होतंच. बेसमधून पाऊण मिलिअँपिअर जातं, बझरला लागतात १५ ते २० मिलिअँपिअर, त्यामुळे ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो आणि गरमही होत नाही.

दोन डायोड कशाला? एकाने भागत नाही का?

माझ्या पहिल्या सर्किटमध्ये एकच होता. वाजायचं व्यवस्थित. पण मल्टिमीटर लावला तेव्हा दिसलं, की गाडी बंद, दिवे बंद, दारं बंद असतानाही बझरमधून थोडा करंट वाहतोय. वाट शोधायला एक संध्याकाळ गेली. दार बंद असताना दाराच्या बटणाच्या वायरवर छतातल्या दिव्याच्या बल्बमधून १२ व्होल्ट येऊन थांबलेले असतात. तिथून करंट उलट्या दिशेने बझरमध्ये शिरत होता, ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरमधून बेसला आणि तिथून रेझिस्टरमार्गे बॉडीला. बॅटरी वाचवणारं यंत्रच बॅटरी पीत होतं, भले मिलिअँपिअरपेक्षाही कमी असेल. दुसरा डायोड ही वाट बंद करतो.

पहिला डायोडही नुसता उलट्या करंटसाठी नाही. एसीचा पंखा जोरात चालू असला की इग्निशनच्या वायरवरचा दाब (व्होल्टेज) दिव्याच्या वायरपेक्षा थोडा उतरतो. डायोड नसेल तर तेवढ्यानेही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडून बझर चिरचिरतो. डायोडमुळे साधारण एक व्होल्टची ढील मिळते.

ट्रान्झिस्टर नको, रिले चालेल?

चालेल. रिले म्हणजे कॉइलच्या चुंबकाने हलणारा खटका. पाच पायांचा गाडीचा साधा रिले घ्या, पायांवर आकडे लिहिलेले असतात. ८६ ला इग्निशन, ८५ ला बॉडी, ३० ला पार्किंग दिव्याची वायर, ८७ए पासून बझर आणि तिथून डायोडमधून दाराचं बटण. किल्ली चालू असेपर्यंत कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेत राहते, पण तेव्हा अल्टरनेटर चालू असतो. ज्यांना सोल्डरिंग जमत नाही त्यांना हेच सांगतो.

कोणती वायर कुठली, हे कसं ओळखायचं?

रंगावर विश्वास ठेवू नका, विशेषतः गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असेल तर. आधी कुणी रेडिओ बसवलाय, कुणी फॉग लॅम्प, आणि प्रत्येकाने हाताला आली ती वायर वापरलीय. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळं टोक बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला लावा आणि लाल टोकाने शोधा.

पार्किंगची वायर: दिव्याचा खटका पहिल्या टप्प्यावर आणला की १२, बंद केला की ०. हेडलाईटच्या वायरला जाऊ नका. पार्किंग दिवे दोन्ही टप्प्यांवर चालू असतात, त्यामुळे एका वायरीत दोन्ही विसरभोळेपणा पकडले जातात.

इग्निशनची वायर: किल्ली चालूवर १२, आणि स्टार्टर फिरत असतानाही दाब टिकला पाहिजे. हे तपासायला कुणाला तरी किल्ली फिरवायला बसवा. ऍक्सेसरीची, म्हणजे रेडिओ-लायटरची वायर स्टार्टर फिरताना तुटते. ती पकडलीत तर दिवे लावून, दार उघडं ठेवून गाडी सुरू करताना बझर एकदा किंचाळेल.

दाराची वायर: दार बंद असताना १२, उघडलं की ०. छतातल्या दिव्याचा खटका दारावर ठेवून तपासा. बहुतेक जुन्या गाड्यांत चारही दारांची बटणं एकाच वायरवर असतात. बटण प्लस जोडणारं निघालं, म्हणजे दार उघडल्यावर १२ आले, तर हे सर्किट तसंच्या तसं चालणार नाही.

सर्किटला वेगळा फ्यूज हवाच का?

हवाच. पार्किंगच्या वायरला गाडीचा फ्यूज असतो, पण तो त्या जाड वायरच्या मानाने, १० किंवा १५ अँपिअरचा. तुमची बारीक वायर कुठे घासून बॉडीला चिकटली तर तो फ्यूज उडायच्या आधी तुमची वायर तापून धूर येईल. १ अँपिअरचा फ्यूज गाडीच्या वायरला जोड दिलाय त्या जागेपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. बझरजवळ बसवलेला फ्यूज मधल्या वायरला काहीच संरक्षण देत नाही. यात तडजोड करू नका.

जोड कसे द्यायचे? टेप गुंडाळली तर?

काळी पीव्हीसी टेप डॅशबोर्डच्या आत टिकत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि हाताला चिकट काळं लागतं. उष्णतेने आकसणारी स्लीव्ह घाला, डाग देण्याआधी वायरीत ओवायला विसरू नका. सर्किटच्या पट्टीवर सोल्डर, पण गाडीच्या वायरींशी जोडताना दाबून बसवायचे थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे) चांगले. सोल्डरने वायरीच्या तारा जिथपर्यंत ताठ होतात त्या कडेलाच गाडीच्या थरथरीने त्या तुटतात. कोकणात तांब्यावर हिरवं चढतं, तिथे प्रत्येक जोडावर स्लीव्ह हवीच. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. बहुतेक गाड्यांना १० चा पाना लागतो.

बझर कोणता घ्यावा? आवाज किती असावा?

दुकानात काळ्या डबीतला पिएझो बझर मिळतो, ३ ते २४ व्होल्ट लिहिलेला. गाडी चालू असताना दाब १४.४ व्होल्टपर्यंत जातो, त्यामुळे असा रुंद मर्यादेचाच घ्या.

आता एक गोष्ट मी उशिरा शिकलो. पहिला बझर बसवून बाबांना दाखवला. मी कान झाकत होतो आणि बाबा विचारत होते, "लावलास का चालू?" पिएझो बझरचा सूर तीन हजार हर्ट्झच्या आसपास असतो, आणि वय वाढतं तशी ऐकण्याची ताकद नेमकी वरच्या सुरांपासून जाते. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अहो, वाजतोय केव्हाचा!" तो काढून मी चुंबकाचा, कमी सुराचा, भुंग्यासारखा घुमणारा बझर लावला. तो बाबांना लगेच ऐकू आला. ज्यांच्यासाठी बनवताय त्यांना दुकानात किंवा घरी आधी ऐकवा, मगच बसवा. चुंबकाचा बझर जास्त करंट घेतो. ३० मिलिअँपिअरपर्यंत बीसी ५५७ सहज सांभाळतो, त्याहून मोठा नको.

पिएझो फार कर्कश वाटला तर त्याच्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. भोकावर टेप चिकटवूनही चालतं.

सलग आवाजाऐवजी थांबून थांबून वाजवायचा असेल तर?

तसाच मिळणारा बझर घ्या, आत सोय केलेली असते. स्वतः करायचं असेल तर ५५५ आयसी, म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी चिप आहे. हान्स कामेनझिंड यांनी तो सिग्नेटिक्स कंपनीसाठी तयार केला, १९७२ साली बाजारात आला आणि आजही सहज मिळतो. १० किलोओहम, ३३ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर सेकंदाला साधारण दोनदा वाजतो. मात्र ५५५ ला १६ व्होल्टच्या वर चालत नाही आणि गाडीच्या वायरींत क्षणभर त्याहून मोठे झटके येतात. म्हणून त्याच्या सप्लायला १०० ओहम आणि १५ व्होल्टचा झेनर (दाब त्याच्या वर जाऊ न देणारा डायोड) लावा.

माझी गाडी नवी आहे. तिला बसवू का?

नको. तिच्यात ही आठवण बहुधा आधीच असते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये सीटबेल्टची सूचना आणि वेगाची सूचना सक्तीची झाली. ८० च्या वर अधूनमधून, १२० च्या वर सलग. त्यामुळे आवाज काढणारी यंत्रणा गाडीत असतेच. शिवाय नव्या गाड्यांत दिवे एका कंट्रोल युनिटकडून चालतात आणि ते बल्बच्या करंटवर लक्ष ठेवतं. मधे वायर टोचली तर मीटरवर दोष दिसू लागतो, वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. आणि कुठल्याही गाडीत पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर हात मागे घ्या. त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही.

असा बझर नियमात बसतो का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम अनेक सुरांच्या हॉर्नला आणि कर्कश, दचकवणाऱ्या आवाजाच्या यंत्रांना मनाई करतो. म्हणून बझर गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली आणि आतल्यांना ऐकू येईल एवढाच ठेवा. बॉनेटखाली मोठा सायरन बसवायचा मोह आवरा.

याच धर्तीवर आणखी काय करता येईल?

इंजिन ऑइलच्या दाबाचा बझर, आणि तो मी खरंच सुचवतो. जुन्या गाडीत ऑइलच्या दिव्याचा स्विच दाब कमी झाला की बॉडीला जोडतो. बझरची प्लस इग्निशनला, मायनस त्या स्विचच्या वायरला. किल्ली चालू केल्यावर वाजेल, इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत गप्प होईल, म्हणजे रोज आपोआप तपासणीही होते. भर उन्हात मीटरमधला बारीक लाल दिवा दिसत नाही, आणि ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत धरतं. बॅटरी गेली तर काही हजार जातात, इंजिन गेलं तर गाडीच जाते.

हँडब्रेकला मी लावत नाही. सिग्नलला उभं राहिलं की वाजत बसतो, म्हणजे पुन्हा तीच विनाकारण ओरडण्याची गोष्ट.

बसवला, पण वाजत नाही. काय बघू?

आधी छतातला दिवा. दार उघडल्यावर तो लागत नसेल तर दाराचं बटण गंजलंय, सर्किटचा दोष नाही. बटण एका स्क्रूवर असतं. काढा, मागचं टोक आणि स्क्रूची जागा बारीक पॉलिश पेपरने घासा. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. दिवा लागत असेल तर फ्यूज, मग डायोडचे पट्टे. तरीही नाही, तर बझरच्या मायनसला बॉडीची वायर टेकवा. वाजला तर दोष दाराकडच्या बाजूला, नाही वाजला तर ट्रान्झिस्टरकडे.

आणि सारखाच वाजत राहिला तर?

किल्ली चालू असतानाही वाजतोय, म्हणजे १० किलोओहमपर्यंत इग्निशनचे १२ व्होल्ट पोहोचत नाहीत. बहुतेक वेळा ते थिंबल नीट दाबलेलं नसतं. वायर हलकेच ओढून बघा, हातात येईल.